एक प्रश्न घेऊन संग्रहालयात: यंत्रं समजून घेऊ पाहणाऱ्या नवख्यांसाठी

विज्ञान केंद्रात गेलेली बहुतेक माणसं दीड-दोन तासांत सगळी दालनं उरकून बाहेर येतात. दिसेल ते बटण दाबून झालेलं असतं, फोटो निघालेले असतात. मग बाहेर चहा पिताना कोणी विचारलं, की त्यातलं कळलं काय, तर सगळे एकमेकांकडे बघतात. यात मांडणीचा दोष थोडा आणि बघण्याच्या पद्धतीचा जास्त. म्हणून संग्रहालयांची लांबलचक यादी देण्याऐवजी इथे एक रीत सांगतो: एकच प्रश्न ठरवायचा, त्याच्या मागे लागायचं आणि तो नेईल तिथे जायचं. त्या वाटेवर जी ठिकाणं लागतील तेवढीच पाहायची. बाकीची पुढच्या खेपेला.

उदाहरणासाठी मी घेतलेला प्रश्न असा: पुढे-मागे किंवा वर-खाली होणाऱ्या हालचालीतून चाक गोल कसं फिरतं? ऐकायला फारच किरकोळ वाटतो. पण वाफेच्या इंजिनापासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यांना हा प्रश्न सोडवावा लागला आहे, आणि त्यापायी पेटंटची भांडणंही झाली आहेत.

पायरी १: सुरुवात घरातून

पायाने चालवायचं शिलाई मशीन घरात, आजीकडे किंवा गल्लीतल्या शिंप्याकडे सापडेलच. खाली वाकून बघा. पायपट्टी फक्त वर-खाली झुलते. तिला जोडलेला लोखंडी दांडा मोठ्या चाकाला मधोमध जोडलेला नसतो, थोडा बाजूला असतो. ही बाजूला सरकवलेली जोडणी म्हणजेच क्रँक. पायाने दाब दिला की दांडा त्या जागेला ढकलतो आणि चाक फिरतं. चाकावरून पट्टा वरच्या छोट्या चाकाकडे जातो आणि वर उलटा खेळ होतो: फिरणाऱ्या दांड्यातून सुई वर-खाली होते.

आता शिंपी मशीन सुरू कसं करतो ते पाहा. पाय ठेवल्या ठेवल्या तो हाताने वरचं चाक जरासं ढकलतो. ती सवय उगाच लागलेली नाही. दांडा, क्रँकची जागा आणि चाकाचा मध्य हे एका रेषेत आले की कितीही जोर लावा, चाक हलत नाही. सगळा जोर सरळ मध्यातच जातो. याला मृतबिंदू म्हणतात. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा येतो. एकदा गती आली की चाकाचं वजनच त्याला मृतबिंदूच्या पलीकडे घेऊन जातं, म्हणून ते चाक ओतीव लोखंडाचं आणि जड असतं. शिवाय थांबलेलं मशीन नुसत्या पायाने सुरू केलं तर ते उलटंही फिरू शकतं आणि दोरा तुटतो.

वहीत याचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. दांडा कुठे जोडलाय एवढं दिसलं म्हणजे झालं. ही वही पुढच्या सगळ्या ठिकाणी बरोबर न्यायची आहे.

पायरी २: जाण्याआधी अर्धा तास वाचन

मराठीतून वाचायचं तर मराठी विश्वकोशाला तोड नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला उभं राहिलेलं हे काम आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यातल्या अभियांत्रिकीच्या नोंदी जुन्या वळणाच्या आहेत, पण आकृत्या नेटक्या आणि विवेचन सविस्तर. शोधताना 'इंजिन' टाकून काही सापडलं नाही तर 'एंजिन' टाका. 'वाफ एंजिन' आणि 'अंतर्ज्वलन-एंजिन' या दोन नोंदी आपल्या प्रश्नासाठी पुरेशा आहेत.

डोळ्यांनी हालचाल बघायची असेल तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा यंत्रगतीचा डिजिटल संग्रह बघा. एकोणिसाव्या शतकातले जर्मन अभियंते फ्रान्झ रूलो यांनी यंत्रांच्या हालचाली शिकवण्यासाठी धातूचे नमुने बनवून घेतले होते. त्यांतले कितीतरी तिथे छायाचित्रांसह आणि चालताना पाहता येतात. इंग्रजी आलं नाही तरी अडत नाही. कॉलेजच्या पातळीवर जायचं असेल तर आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या एनपीटीईएल या संकेतस्थळावर यंत्रगतीशास्त्राची व्याख्यानं विनामूल्य आहेत. मात्र पहिल्याच दिवशी तिकडे वळू नका, गणित अंगावर येतं.

पायरी ३: वाफेच्या इंजिनाला पूर्ण प्रदक्षिणा

मुंबईकरांसाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सोयीचं. इथलं प्रकाशावरचं पहिलं प्रदर्शन १९७७ साली सुरू झालं, उद्यान १९७९ मध्ये, आणि संपूर्ण केंद्र १९८५ मध्ये खुलं झालं. महालक्ष्मी स्थानकावरून चालत जाता येतं. लोक घाईघाईने आत जातात. तुम्ही आधी बाहेरच्या उद्यानात थांबा. तिथे वाफेचं रेल्वे इंजिन आहे, जुनी ट्राम आहे आणि मरुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमानही.

विदर्भातल्यांना मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय जवळ आहे. ते २००२ साली उघडलं. नागपूर परिसरातल्या अडीच फुटी रुळांचा सगळा संसार तिथे मांडलेला आहे. गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्रही त्याच दिवशी होऊ शकतं, पण एका दिवशी एकच ठिकाण पाहावं असं मला वाटतं. यांपैकी काहीच जवळ नसेल तर आपल्या भागातल्या मोठ्या रेल्वे स्थानकाबाहेर नजर टाका. चौथऱ्यावर रंगवून ठेवलेलं जुनं इंजिन बऱ्याच ठिकाणी असतं.

इंजिनासमोर उभं राहिलात की आधी एका बाजूने बघा. पुढे आडवा सिलिंडर आहे. त्याच्या आत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, पुढे-मागे होतो. दट्ट्याचा दांडा मागे येतो, तिथून लांब कनेक्टिंग रॉड निघून एका मोठ्या चाकाला मध्यापासून बाजूला जोडलेला असतो. म्हणजे शिलाई मशीनचीच रचना, फक्त आडवी आणि कित्येक टनांची. चाकाच्या एका अंगाला चंद्रकोरीसारखा भरीव तुकडा दिसेल. तो दांड्यांचं वजन तोलण्यासाठी.

आता प्रश्न येतो मृतबिंदूचा. गाडी स्थानकात थांबली आणि नेमका दांडा मृतबिंदूवर असला, तर इंजिनाला हाताने ढकलणार कोण? उत्तर त्या लोखंडातच आहे. या बाजूला क्रँकची खीळ, म्हणजे दांडा चाकाला जिथे जोडलाय तो खुंट, कुठे आहे ते वहीत घड्याळाच्या काट्यासारखं नोंदवा. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला जा आणि तिथली खीळ बघा. ती जुळणार नाही. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही बाजूंमध्ये पाव फेऱ्याचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. एक बाजू मृतबिंदूवर अडकली की दुसरी पूर्ण जोराच्या जागी असते. वाफ दट्ट्याला दोन्हीकडून ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ढकल मिळतात, आणि धुराड्यातून चार हुंकार निघतात. झुकझुक गाडीची लय तिथून आली आहे.

एवढं बघायला अर्धा तास सहज लागतो. बरोबरची मंडळी कंटाळतील. त्यांना आत पाठवा. काही ठिकाणी जुन्या इंजिनांचे दांडे काढून ठेवलेले असतात, तेव्हा नुसत्या खिळा बघून अंदाज करावा लागतो.

पुण्यात मुलांना घेऊन गाड्या दाखवायच्या असतील तर कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून चालू असलेलं ते रेल्वेनगर मुलांना फार आवडतं. सिग्नल, पूल आणि गाड्यांचं नियोजन यासाठी ते उत्तम. आपल्या दट्ट्याच्या प्रश्नाला मात्र तिथे उत्तर शोधू नका. चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये वाहनांचं दालन आहे, उद्योगनगरीला साजेसं.

पायरी ४: गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे

ही पायरी कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे. संग्रहालयात वस्तू काचेआड किंवा दोरीपलीकडे असते. इंजिनकाम करणाऱ्या गॅरेजमध्ये ती हातात मिळते. दुपारच्या निवांत वेळी जा, आधी चहा सांगा आणि विचारा: "दादा, उघडलेलं एखादं इंजिन असेल तर क्रँक दाखवता का?" बहुतेक मिस्त्री खुशीने दाखवतात, वर दोन गोष्टी शिकवतात.

मोटरसायकलच्या एकाच सिलिंडरच्या इंजिनात क्रँकला दोन्ही बाजूंनी जाडजूड चकत्या दिसतील. चार-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे दट्ट्याच्या चार फेपांत एक काम पुरं करणाऱ्या इंजिनात, क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोटाचा ढकल मिळतो. उरलेला वेळ हवा आत घेणं, दाबणं, धूर बाहेर टाकणं यातच जातो. तो वेळ निभावून नेतं ते चकत्यांचं वजन. मोटारीच्या चार सिलिंडरांच्या क्रँकवर खिळा जोडीजोडीने समोरासमोर असतात. दर अर्ध्या फेऱ्याला कुठल्या तरी एका सिलिंडरचा ढकल मिळावा, म्हणून.

गावाकडे राहत असाल तर विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन शोधा. दोन्ही बाजूंना मोठी चाकं आणि हँडल. सुरू करताना माणूस आधी एक छोटी कळ उचलतो, मग हँडल मारतो, वेग आला की कळ सोडतो. ती कळ एक झडप उघडी धरते, त्यामुळे आतली हवा दाबली जात नाही आणि चाक हाताने फिरवता येतं. चाकात पुरेशी गती साठली की झडप मिटते, हवा दाबून तापते आणि पहिला बार होतो. किर्लोस्करांच्या इंजिनांवर महाराष्ट्रातल्या किती मळ्यांचं पाणी चाललं हे जुने शेतकरी सांगतील. मात्र चालू इंजिनाजवळ सैल कपडे, ओढणी, उपरणं नको. फिरत्या पट्ट्याला अंगावरचं कापड ओढून घ्यायला क्षणही लागत नाही.

पायरी ५: पेटंट वाचायला शिका

क्रँक इतकी साधी, तर वाफेच्या इंजिनावर ती पहिल्यापासून असेल असं वाटतं. तसं नव्हतं. जेम्स वॉटची सुरुवातीची इंजिनं खाणीतलं पाणी उपसायची. त्यांना वर-खाली एवढंच पुरे होतं. गिरण्यांना फिरतं चाक हवं झालं तेव्हा बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डने १७८० मध्ये इंजिनावर क्रँक वापरण्याचं पेटंट घेऊन टाकलं. वॉटने त्याच्याशी तडजोड न करता १७८१ मध्ये वेगळी युक्ती पेटंट केली: दांड्याच्या टोकाला पक्कं बसवलेलं एक दातेरी चाक दुसऱ्या दातेरी चाकाभोवती फिरत राहतं, सूर्याभोवती ग्रह फिरावा तसं. दोन्ही चाकांचे दाते सारखे असले तर इंजिनाच्या एका पूर्ण हालचालीत मधलं चाक दोन फेरे घेतं. म्हणजे अडचणीतून काढलेली वाट वेगाच्या दृष्टीने फायद्याचीच ठरली. पिकार्डच्या पेटंटची मुदत संपली तशी क्रँक सगळ्यांनाच मोकळी झाली.

लंडनमध्ये असणाऱ्या मराठी मंडळींना हे प्रत्यक्ष बघता येईल. तिथल्या सायन्स म्युझियममध्ये वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांचं १७८८ चं इंजिन या सूर्य-ग्रह चाकांसह उभं आहे, आणि प्रवेश विनामूल्य आहे. सिडनीकरांकडे त्याहून जुनं, १७८५ चं वॉटचं इंजिन आहे; ते लंडनच्या एका दारूभट्टीत चालायचं, आता पॉवरहाऊस संग्रहालयाच्या मालकीचं आहे. म्युनिकमध्ये असाल तर डॉयचेस म्युझियमला एक दिवस पुरणार नाही हे धरूनच जा.

घरबसल्या पेटंट वाचायची तर गूगल पेटंट्स आणि भारतीय पेटंट कार्यालयाची शोधसुविधा, दोन्ही फुकट आहेत. पहिल्या पानापासून वाचू लागाल तर वकिली भाषेत बुडाल. आधी आकृत्या उघडा. आकृतीत प्रत्येक भागाला क्रमांक असतो. वर्णनात तोच क्रमांक शोधत जा. सगळ्यात शेवटी 'दावे' वाचा, कारण शोधकाने हक्क नेमका कशावर सांगितलाय ते तिथेच कळतं. सुरुवातीला प्रेशर कुकरच्या झाकणासारखी ओळखीची वस्तू घ्या. आणि एक लक्षात असू द्या: पेटंट मिळालं म्हणजे वस्तू बाजारात चालली असं होत नाही. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते; तोवर काय झालं, हे वेगळं शोधावं लागतं. या विषयात रीतसर प्रशिक्षण हवं असणाऱ्यांसाठी नागपूरला बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे.

कागद तपासायची ही सवय आपल्याकडच्या कथांनाही लावा. शंकर आबाजी भिसे हे मुंबईचे, १८६७ चा जन्म. छपाईचे टाइप ओतणाऱ्या यंत्रावर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत काम केलं, आणि त्याच्या कागदोपत्री नोंदी शोधता येतात. याउलट शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट आवडीने सांगितली जाते, पण तपासता येईल असा त्या काळचा भक्कम पुरावा तिच्यामागे नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाशी ती जोडली जाते त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, आणि ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. तळपद्यांविषयी आदर ठेवूनही हे सांगायला हवं.

पायरी ६: जिथे क्रँक नाहीशी होते

आपल्या प्रश्नाचं शेवटचं ठिकाण गोव्यात आहे. दाबोळीजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. समुद्रावर जाणारे पर्यटक ते ओलांडून जातात. इथे विमानं इंजिनांच्या क्रमाने बघा, गंमत येईल.

आधी फेअरी फायरफ्लाय: आत बारा सिलिंडरांचं दट्ट्याचं इंजिन, दोन ओळी इंग्रजी व्हीच्या आकारात. मग सुपर कॉन्स्टेलेशन हे मोठं चार इंजिनांचं विमान. त्याच्या प्रत्येक इंजिनात अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन वर्तुळांत मांडलेले. नऊ दट्ट्ये एकाच खिळीला कसे जोडणार? एक मुख्य दांडा खिळीला, बाकीचे आठ त्या मुख्य दांड्याला. ही कल्पना वहीत काढून बघितल्याशिवाय पटत नाही. त्यानंतर अलिझे. पंखा तसाच दिसतो, म्हणून फसायला होतं. पण त्याला फिरवणारं इंजिन टर्बाइनचं, म्हणजे गरम वायूच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांचं आहे, तिथे पुढे-मागे होणारं काहीच नाही. सी हॉकला पंखाही नाही. झोत शेपटीतून न निघता पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. आणि सी हॅरियरच्या अंगाला चार फिरती तोंडं आहेत, ती खाली वळवली की विमान जागच्या जागी उचललं जातं.

जहाजावर जागा कमी, म्हणून मिटणारे पंख आणि उतरताना तार पकडणारा आकडा याही गोष्टी इथे जवळून दिसतात. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, विमानं उघड्यावर आहेत.

प्रश्न इंजिनाचा नसेल तर

दोन पर्यायी वाटा थोडक्यात. विज्ञान उद्यानांत लांबवर समोरासमोर ठेवलेल्या दोन तबकड्या असतात. एकीत कुजबुजलेलं दुसरीत ऐकू येतं. तिथून सुरुवात करून जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा खूप मोठी असल्यामुळे त्यांना ती जाळी आरशासारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीवर दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं. एरवी आधी परवानगी काढावी लागते. मोबाइल बंद ठेवायला सांगतील, ते मनापासून पाळा.

लहान मुलं बरोबर असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे अडकित्ते आहेत, कुलपं आहेत, दिवे आहेत. अडकित्त्यात सुपारी टेकू आणि हात यांच्या मध्ये असते, कात्रीत टेकू मध्ये असतो, चिमट्यात जोर मध्ये लागतो. तरफेचे तिन्ही प्रकार मुलं स्वतः ओळखतात.

पायरी ७: करून बघा

पुठ्ठा, सायकलच्या चाकाची आरी आणि झाडूच्या काड्या एवढ्यावर क्रँक बनते. आरी चारदा काटकोनात वाकवून मध्ये चौकोनी खाच करा, खाचेत काडी अडकवा, पुठ्ठ्याच्या खोक्यातून आरपार न्या. मग दोन क्रँक पाव फेऱ्याच्या अंतराने वाकवून बघा; इंजिनाची दोन बाजूंची युक्ती बोटांना कळेल. अशा कल्पनांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ आहे. टाकाऊ वस्तूंची खेळणी, चित्रफिती आणि पुस्तकं, मराठीतलीही, तिथे फुकट मिळतात. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं.

पुढे लोखंडातच हात घालायचा असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. वेल्डिंगपासून शेतीपर्यंत कामातून शिकवण्याची तिथली पद्धत आहे. मासिकं आणि व्याख्यानांसाठी चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद, शालेय विज्ञान-गणिताच्या साहित्यासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र.

निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, काही वेगळ्याच वारी. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, तेव्हा दुपारी उशिरा जा. प्रयोग दाखवणारे कर्मचारी त्या वेळी थोडे मोकळे होतात. फलक वाचत बसण्यापेक्षा त्यांना विचारा, आणि एखादं यंत्र बंद असेल तर ते कशामुळे बिघडलं हेही विचारून घ्या.